थिंग म्हणजे नेमकी कुठली गोष्ट?

'थिंग' हा शब्द कोशात शोधायची वेळ सहसा कोणावर येत नाही. 'थिंग म्हणजे वस्तू' एवढं सांगून शिकवणारा पुढे सरकतो आणि शिकणाराही मान डोलावतो. मग कधीतरी कानावर वाक्य येतं, 'द थिंग इज, आय ॲम टायर्ड', आणि यात वस्तू म्हणावी असं काही केल्या सापडत नाही. गंमत म्हणजे मराठी करताना आपण अडखळत मात्र नाही. 'गोष्ट अशी आहे की मी दमलोय.' इथे 'वस्तू' चुकूनही तोंडात येत नाही, 'गोष्ट' आपोआप येतो.

थिंग आणि गोष्ट यांचं रक्ताचं नातं नाही. पण दोघं इतक्या सारख्या वाटेने चालत आले आहेत की एकाची हकिगत सांगताना दुसरा मधे डोकावणारच. म्हणून त्यालाही सोबत घेतो.

आधी आजचा थिंग. इंग्रजीतला हा बहुधा सगळ्यांत आळशी शब्द. नाव आठवेना, म्हणा थिंग. 'पॅक युअर थिंग्ज' म्हणजे कपडेलत्ते, सामानसुमान. 'हाउ आर थिंग्ज?' म्हणजे एकंदर कसं काय चाललंय. 'पुअर थिंग' म्हणजे बिचारा किंवा बिचारी, म्हणजे चक्क हाडामांसाचं माणूस. दगड, विचार, प्रसंग, भावना, सवय, कशालाही तो चालतो. 'नथिंग', 'समथिंग', 'एव्हरीथिंग' यांत तर तो स्वतंत्र शब्दही उरलेला नाही, मागे लागलेलं शेपूट झाला आहे. इतका पातळ झालेला अर्थ की आरपार दिसावं.

आणि हाच शब्द एके काळी चांगला वजनदार होता. थिंग म्हणजे सभा. चार माणसं सहज जमली तर तिला थिंग म्हणत नसत. ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या जागी भरणारी, भांडणं ऐकून निवाडा देणारी सभा म्हणजे थिंग.

इंग्लंडच्या आग्नेय टोकाला केंटचं राज्य होतं. तिथल्या ह्लोथहेर आणि ईड्रिक या राजांच्या नावावर सातव्या शतकातला, इ. स. ६८५च्या आसपासचा एक कायदा आहे. एकाने दुसऱ्यावर आरोप ठेवला आणि तो त्याला सभेत किंवा 'थिंग'मध्ये भेटला, तर आरोप असलेल्याने जामीन द्यावा, असं त्यातलं एक कलम. या कलमातल्या थिंगचं भाषांतर 'वस्तू' करून पाहा, आरोपी वस्तूत भेटायला लागेल.

शब्द इंग्रजीच्या एकटीच्या मालकीचा नव्हता. उत्तर युरोपातल्या सगळ्या जर्मॅनिक, म्हणजे इंग्रजी-जर्मनच्या कुळातल्या, भाषांमध्ये तो होता आणि आहे. मूळ 'थ' इंग्रजीने आणि आइसलँडच्या भाषेने टिकवला, जर्मनने त्याचा 'ड' केला, स्वीडिश, डॅनिश आणि नॉर्वेजियन यांनी 'ट' केला. म्हणून थिंग, डिंग, टिंग. (जुन्या इंग्रजीत या 'थ'साठी 'थॉर्न' नावाचं एक स्वतंत्र अक्षर होतं. आइसलँडमध्ये ते आजही शाळेत शिकवतात. इंग्रजीत ते पुढे लिहिताना 'वाय'सारखं दिसू लागलं आणि त्यातूनच दुकानांच्या पाट्यांवरचं ते खोटं-जुनाट 'यी ओल्ड' जन्माला आलं. त्यातला 'यी' खरं म्हणजे साधा 'द' आहे.)

या सभा कशा असत याचं सगळ्यांत मजेशीर वर्णन एका रोमन माणसाने करून ठेवलं आहे. टॅसिटसने इ. स. ९८मध्ये जर्मॅनिक टोळ्यांबद्दल लिहिलं. तो लॅटिनमध्ये लिहीत होता, त्यामुळे 'थिंग' हा शब्द त्याच्याकडे नाही, पण सभा तीच. अमावास्येला नाहीतर पौर्णिमेला लोक जमत. प्रस्ताव पसंत नसला तर कुरकुरत, पसंत असला तर भाले आपटत. आणि या लोकांच्या स्वातंत्र्याचा एक तोटा त्याने नोंदवला आहे: बोलावल्या वेळी कोणी येतच नाही, वाट पाहण्यात दोन-तीन दिवस फुकट जातात. एकोणीसशे वर्षांत सभांची ही खोड फारशी बदललेली नाही.

वेळेचा विषय निघालाच आहे, तर आणखी एक पाऊल मागे जाता येतं. चौथ्या शतकातल्या गॉथिक या जर्मॅनिक भाषेत 'थीह्स' असा एक शब्द आहे, अर्थ 'काळ, वेळ'. बरेच अभ्यासक थिंगची नाळ त्याच्याशी जोडतात. म्हणजे आधी 'ठरलेली वेळ', मग 'त्या वेळी भरणारी सभा'. हे ऐकायला ओढूनताणून आणल्यासारखं वाटतं, पण मराठी माणसाने तरी तसं म्हणू नये. 'उद्या माझी तारीख आहे' असं कोणी म्हणालं, तर त्याला कॅलेंडर नको असतं. त्याची कोर्टात सुनावणी असते हे आपल्याला न सांगता कळतं.

रोमन साम्राज्याच्या उत्तर सीमेवर, आजच्या उत्तर इंग्लंडमध्ये, हेड्रियनची भिंत आहे. तिथल्या हाउसस्टेड्स या ठाण्यात १८८३ साली काही शिलालेख सापडले. रोमन सैन्यातल्या जर्मॅनिक शिपायांनी तिसऱ्या शतकात ते 'मार्स थिंग्सस' या देवाला वाहिले होते. मार्स हा रोमनांचा युद्धदेव, आणि त्याला जोडलेलं विशेषण बहुतेकांच्या मते 'थिंगचा', म्हणजे सभेचा रखवालदार. आता मंगळ हा मार्सचा ग्रह, मंगळवार हा मार्सचा वार. जर्मनमध्ये मंगळवारला 'डीन्सटाग' म्हणतात आणि डचमध्ये 'डिन्सडाख'. त्या 'डीन्स'मध्ये हा थिंग्सस बसला आहे, असं बहुतेक व्युत्पत्तिकार मानतात. इंग्रजांचा 'ट्यूजडे' मात्र 'टीव' या देवावरून आला. तोही मार्सच्या जागी बसवलेलाच.

सगळ्यांत प्रसिद्ध थिंग आइसलँडचा. इ. स. ९३०मध्ये तिथे 'आल्थिंग', म्हणजे सर्वांची सभा, भरायला सुरुवात झाली असं परंपरेने मानतात. जागेचं नावच 'थिंगवेत्लिर', सभेची मैदानं. दर उन्हाळ्यात बेटाच्या कानाकोपऱ्यांतून लोक घोड्यांवरून तिथे येत. राजा नव्हता, आणि सुरुवातीला कायदा लिहिलेलाही नव्हता. तो एका माणसाच्या डोक्यात असे. त्याला 'कायदा सांगणारा' म्हणत. मुदत तीन वर्षांची, आणि दर वर्षी एक तृतीयांश कायदा त्याने 'कायद्याच्या खडका'वर उभं राहून सगळ्यांना ऐकवायचा. तीन वर्षांत पारायण पूर्ण. इ. स. १०००च्या सुमारास ख्रिस्ती व्हायचं की जुने देव ठेवायचे यावरून बेट फुटायची वेळ आली, तेव्हा निर्णय थॉरगेर या तेव्हाच्या कायदा सांगणाऱ्यावर सोपवला गेला. तो स्वतः जुन्या देवांना मानणारा. एक दिवस आणि एक रात्र तो अंगावर पांघरूण ओढून पडून राहिला, मग उठला आणि सांगितलं: सगळ्यांनी ख्रिस्ती व्हावं. लोकांनी ऐकलं. थिंग या शब्दाचं तेव्हाचं वजन कळायला याहून चांगला प्रसंग मला माहीत नाही.

नकाशावर हा शब्द ठिकठिकाणी गोठून बसला आहे. 'सभेचं मैदान' या एकाच नावाची पिल्लं म्हणजे स्कॉटलंडमधलं डिंगवॉल, शेटलँड बेटांवरचं टिंगवॉल, लिव्हरपूलजवळचं थिंगवॉल आणि आयल ऑफ मॅनची संसद 'टिनवॉल्ड'. जिथे जिथे व्हायकिंग, म्हणजे स्कँडिनेव्हियातले दर्यावर्दी, स्थिरावले तिथे तिथे हे नाव उतरलं. देशांच्या संसदाही पाहा. नॉर्वेची 'स्टोर्टिंग', म्हणजे मोठी सभा. डेन्मार्कची 'फोल्केटिंग', लोकसभाच म्हणा ना. शब्दशः अर्थही तोच.

आता खरा प्रश्न. सभेची 'वस्तू' झाली कशी?

एका रात्रीत असं काही होत नाही. शब्दांचे अर्थ उड्या मारत नाहीत, घसरतात. मधे अशी वाक्यं येतात जी दोन्ही अर्थांनी बरोबर लागतात, आणि ऐकणारा त्यातला नवा अर्थ घेऊन घरी जातो. आपल्याकडचंच उदाहरण घ्या. कचेरी म्हणजे कामकाजाची जागा. पण 'त्याच्या मागे कोर्टकचेऱ्या लागल्यात' म्हटलं की इमारती त्याचा पाठलाग करत नसतात. लागलेले असतात खटले. जागेचं नाव तिथे चालणाऱ्या भानगडीला चिकटलं. थिंगचं नेमकं हेच झालं. आधी सभा, मग सभेपुढे आलेला खटला, मग कुठलंही प्रकरण किंवा बाब. पुढे नुसती एखादी घटना, एखादं कृत्य, आणि सरतेशेवटी जिच्याबद्दल बोलता येईल अशी कुठलीही चीज.

घसरण चालू असतानाचा एक क्षण 'बेओवुल्फ' या जुन्या इंग्रजी महाकाव्यात सापडतो. ग्रेंडेल नावाच्या राक्षसाशी झुंजायला निघालेला नायक भर दरबारात सांगतो की या दैत्याशी मी एकट्याने 'थिंग' करीन. याचा अर्थ काय लावायचा? 'दैत्याबरोबर सभा भरवीन'? 'त्याचा खटला निकालात काढीन'? की सरळ 'त्याचं काय ते बघून घेतो'? तिन्ही अर्थ लागतात. आणि दरबारी शब्द वापरून राक्षसाच्या मानगुटीवर बसायची भाषा करण्यात एक थंड दरारा आहे, तो वेगळाच. अनुवादक या ओळीशी झटापट करतात, कारण आजचा 'थिंग' त्या जागी ठेवला तर सगळी हवाच निघून जाते.

जुन्या इंग्रजीत 'थिंगियन' असं क्रियापदही होतं: कोणाची तरी बाजू मांडणं, रदबदली करणं. ते मेलं. जर्मनमध्ये मात्र त्या कुळातली माणसं अजून कामावर आहेत. 'बेडिंगुंग' म्हणजे अट, कारण अटी वाटाघाटीत ठरतात. 'फेरटायडिगन' म्हणजे बचाव करणं. त्याच्या पोटात 'टाग' म्हणजे दिवस आणि 'डिंग' म्हणजे सभा, दोन्ही दडलेत: खटल्याचा दिवस. पुन्हा आपली तारीखच!

हा रस्ता एकट्या थिंगचा असता तर मी इतकं पाल्हाळ लावलं नसतं. पण तो हमरस्ता निघाला. लॅटिनमध्ये 'काउसा' म्हणजे खटला किंवा कारण. त्याच शब्दापासून फ्रेंच 'शोझ' आणि इटालियन, स्पॅनिश 'कोसा' आले, तिन्हींचा अर्थ 'वस्तू, गोष्ट'. जर्मन 'झाखं' म्हणजे गोष्ट, मूळ अर्थ तंटा. त्याचं इंग्रजी भावंड 'सेक', जो आता 'फॉर द सेक ऑफ'मध्ये एखाद्या बिनभाड्याच्या खोलीत राहिल्यासारखा राहतो. पोलिश लोकांनी कोर्टाऐवजी तोंडातून वाट काढली: 'झेच' म्हणजे वस्तू, आणि त्याचा धातू 'बोलणं'.

आणि इथे आपली गोष्ट येते. संस्कृतात 'गोष्ठ' म्हणजे गायी उभ्या राहतात ती जागा. मराठी 'गोठा' तिथूनच आला. जिथे गुरं एकत्र येतात तिथून 'माणसं एकत्र येतात ती' असा अर्थ सुटला आणि 'गोष्ठी' म्हणजे मंडळींची बैठक झाली. बैठकीत होतं ते बोलणं, म्हणून गोष्ठी म्हणजे संभाषण. जुन्या मराठीतल्या 'गोठी'चा अर्थ बोलणं हाच आहे, आणि 'कानगोष्टी'त तो आजही शाबूत आहे. पुढे बोलण्यातली हकिगत ती गोष्ट, बोलण्याचा विषय ती गोष्ट, आणि शेवटी 'पैसा ही मोठी गोष्ट आहे' इथपर्यंत. गोठा, बैठक, बोलणं, विषय, वस्तू. एक फरक मात्र ठळक आहे. थिंग खटल्याच्या दारातून बाहेर पडला, गोष्ट गप्पांच्या दारातून. म्हणून 'मला थिंग सांग' म्हणून कुठलंही इंग्रज मूल आजीच्या मागे लागत नाही.

मराठीत तर या जातीचे शब्द किती! 'पदार्थ' म्हणजे खरं तर पदाचा अर्थ, शब्दाने जे कळतं ते. वैशेषिक दर्शनाच्या तत्त्वज्ञांनी त्यात द्रव्य, गुण, कर्म असं सगळं विश्व बसवलं, आणि आपण त्याचा खाण्याचा जिन्नस करून ताटात वाढला. 'जिन्नस' अरबी 'जिन्स'वरून, म्हणजे जात, प्रकार. 'बाब' हाही अरबी, मूळ अर्थ दरवाजा, मग पुस्तकाचं प्रकरण, मग विषय. कुठल्याही भाषेला 'काहीही' म्हणायला एक शब्द लागतो, आणि तो कधीच कोरा मिळत नाही. चांगल्या घरचा एखादा शब्द झिजवूनच तो तयार करावा लागतो.

थिंगचं एक भावंड मात्र झिजलं नाही. व्हायकिंगांच्या भाषेत राजाच्या किंवा सरदाराच्या घरच्या माणसांच्या बैठकीला 'हूसथिंग' म्हणत, घरसभा. इंग्रजीत त्याचा 'हस्टिंग' झाला. लंडनमध्ये त्या नावाचं न्यायालय होतं. पुढे 'हस्टिंग्ज' म्हणजे निवडणुकीत उमेदवार ज्यावर उभे राहून भाषणं ठोकत तो लाकडी मंच. १८७२च्या कायद्याने इंग्लंडमध्ये गुप्त मतदान आलं आणि त्या मंचावरून उमेदवारांची नावं जाहीर करायची पद्धत गेली. शब्द राहिला, आज त्याचा अर्थ प्रचारसभा. एका घरातले दोन भाऊ: एक राजकारणात टिकला, दुसरा दिसेल ते काम करत फिरला.

एक गैरसमज जाता जाता. 'थिंग' आणि 'थिंक' कानाला सख्खे वाटतात, पण त्यांचे धातू वेगळे धरले जातात. इंग्रजांचाही इथे गोंधळ होतो. 'तुझा असा समज असेल तर तो बदलावा लागेल' अशा अर्थाचा त्यांचा एक वाक्प्रचार आहे, त्यात मुळात शेवटी 'थिंक' होता. बोलताबोलता 'थिंक'चा 'थिंग' झाला, आणि आता कित्येकांना 'थिंग'च बरोबर वाटतो.

दुसरा गैरसमज जास्त त्रासदायक आहे: सगळ्यांत जुना अर्थ तोच खरा अर्थ. जर्मन तत्त्वज्ञ हायडेगरने १९५०च्या सुमारास 'डिंग' या शब्दातला जमण्याचा जुना अर्थ उकरून एका साध्या सुरईवर मोठं चिंतन केलं. ते वाचायला रम्य आहे, पण सुरई काही त्यामुळे सभा भरवत नाही. याच्याही आधी नाझींनी हा शब्द प्राचीन जर्मन अभिमानाच्या नावाखाली बाहेर काढला आणि 'थिंग' नावाने खुली नाट्यगृहं बांधली. हायडलबर्गच्या डोंगरावरचं १९३५ साली नाझींचा प्रचारमंत्री गोबेल्सने उघडलेलं असं एक प्रेक्षागृह अजून उभं आहे. हजार वर्षांपूर्वी शब्दाचा अर्थ काय होता ही माहिती आहे, आज तो कसा वापरावा याचा हुकूम नव्हे.

झिजण्याला तळ असतो का? फ्रेंच भाषा म्हणेल, तळाखालीही जाता येतं. लॅटिन 'रेस' म्हणजे बाब, वस्तू. 'रिपब्लिक'मधला पहिला तुकडा तोच, सार्वजनिक बाब. त्याचं एक रूप 'रेम', त्यावरून जुन्या फ्रेंचमध्ये 'रियँ', अर्थ 'गोष्ट'. 'मला एकही गोष्ट दिसत नाही' या धर्तीच्या नकारार्थी वाक्यांत तो इतका वापरला गेला की नकाराचा रंग त्यालाच लागला. आज 'रियँ' म्हणजे 'काही नाही'. असलेल्या गोष्टीचं नाव नसलेपणाला लागलं, आणि तेही कोणी ठरवून केलं नाही.

थिंग मात्र अलीकडे थोडा उलटा चढतोय. केव्हिन ॲश्टन या तंत्रज्ञाने १९९९ साली 'इंटरनेट ऑफ थिंग्ज' हा शब्दप्रयोग काढला, तेव्हा त्यातल्या थिंग्ज निर्जीव वस्तूच होत्या, पण एकमेकींशी बोलणाऱ्या. आणि तरुण मंडळींचं 'इज दॅट अ थिंग?' ऐका. यात कोणी वस्तू विचारत नाही. विचारतात ते असं: हे खरंच लोक करतात का, याला चार जणांची मान्यता आहे का? म्हणजे एकट्याने केलेली लहर ही थिंग नव्हे, पुष्कळांनी मानली की ती थिंग. जुन्या सभेचा वास मला इथे येतो. तो माझ्या नाकाचा दोष असण्याची शक्यता जास्त, कारण हा वापर करणाऱ्याला आल्थिंगची आठवण येत असेल असं काही नाही.

डॅनिश आणि स्वीडिशमध्ये 'टिंग' अजून दोन्ही कामं करतो: वस्तूही तोच, आणि सभा-न्यायालयांच्या नावांतही तोच. आइसलँडची आल्थिंग १८००मध्ये बंद पाडली गेली, १८४५ला रेक्याविकमध्ये पुन्हा भरली, आणि आज तिच्यात ६३ सदस्य बसतात. आमदार-खासदाराला तिथल्या भाषेत 'थिंगचा माणूस' म्हणतात. खुर्ची, चमचा, दगड अशा साध्या वस्तूंसाठी मात्र तिथे रोजच्या बोलण्यात दुसराच शब्द चालतो, 'ह्लुतुर'. त्याचा जुना अर्थ वाटणीत आलेला हिस्सा.